नवेगावचा बांध कोणाचा?

इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर मजल्यागणिक एक तरी आयन रँडवाला सापडतोच. टॅक्स म्हणजे लूट, सरकार हटाव वगैरे. (गंमत म्हणजे खुद्द बाईंना लिबर्टेरियन लोक बिलकुल आवडत नसत. असो.) पण या मंडळींची आपापसात भांडणं कशावरून होतात हे समजून घ्यायला अमेरिका गाठायची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध पुरे आहे.

इथला तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. सातबहिणी नावाच्या टेकड्यांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीने बुजवल्या आणि झाला तलाव! कोहळी समाज या कामात वाकबगार. कोलू पाटील तर पुढे कोलासुर देवच झाले.

आता लॉकचा नियम लावू. ज्याने श्रम ओतले, तो मालक. मग मालक पाटील, की पाळीवर टोपल्या वाहणारे? लॉकच्या हिशेबात नोकराने कापलेलं गवत धन्याचंच. सगळे लिबर्टेरियन लॉकचं नाव घेतात, पण हे वाक्य फारसं कोणी सांगत नाही.

पुढची कथा जास्त अवघड आहे. भोसल्यांच्या राज्यात मालगुजार हा मुख्यतः सारा गोळा करणारा माणूस. 1860 च्या दशकात इंग्रजांनी जमाबंदी केली आणि त्यालाच गावाचा मालक करून टाकलं. म्हणजे ही खाजगी मालमत्ता मुळात सरकारी कागदावर जन्मली. 1951 साली मध्य प्रदेश सरकारने (विदर्भ तेव्हा त्या राज्यात होता) ती कायद्याने काढून घेतली. अहेरीचे जमीनदार सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि 1952 मध्ये हरले. तोवर पहिली घटनादुरुस्ती होऊन हा कायदा नवव्या परिशिष्टात, पहिल्या 13 कायद्यांमध्ये, जाऊन बसला होता. पूर्व विदर्भातले हजारो तलाव सरकारचे झाले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा तलाव'.

मालमत्तेच्या हक्कावर आपल्याकडचा उदारमतवादी राजकीय प्रवाह उभा राहिला तो यानंतर. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी राजाजी, मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला. 1994 मध्ये शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नववं परिशिष्ट ही त्यांची कायमची तक्रार. माझ्या मते ती रास्त होती. कोर्टात दादच मागता येऊ नये हा काय प्रकार? पण डंकेल प्रस्तावावरून त्यांच्याच चळवळीत फूट पडली. विदर्भातले विजय जावंधिया खुल्या बाजाराच्या विरोधात गेले.

बरं, सरकारने हात काढला तर तलाव द्यायचा कोणाला? नोझिकने 1974 च्या पुस्तकात म्हटलंय की मालकी न्याय्य आहे का हे तिच्या इतिहासावरून ठरतं, आणि मागे अन्याय झाला असेल तर तो दुरुस्त करावा लागतो. ठीक. पण मागे म्हणजे किती मागे? 1951? 1860? की कोलू पाटलापर्यंत? इथे ही विचारसरणी अडखळते. रोलबॅक करायचाय, पण कुठल्या व्हर्जनला तेच ठरत नाही.

दुसरा रस्ता एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा (नोबेल 2009). त्या लिबर्टेरियन नव्हत्या, पण त्या गोटातल्या अनेकांना त्यांचं काम जवळचं वाटतं. पाणी वापरणारे लोक सरकारशिवाय आणि खाजगी मालकाशिवायही नियम करून तलाव टिकवू शकतात, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखवलं. मला हा मार्ग पटतो. सरकारी झाल्यावर बऱ्याच मामा तलावांत गाळ साचत गेला, कारण मेंटेनन्स 'आपलं काम' राहिलं नाही.

अर्थात गाव म्हणजे एकच माणूस नव्हे. धान उत्पादकाला ऐन वेळी तलावातलं पाणी शेतात हवं असतं, आणि धीवराला मासे जगवायला ते तलावातच हवं असतं. दोघांचाही हक्क कुठल्याही पट्ट्यापेक्षा जुना. आणि पाणी सोडायचं की ठेवायचं हे दर हंगामात त्या दोघांनीच पाळीवर उभं राहून ठरवायचं असतं.