भौतिकोपचार की व्यवसायोपचार : घरच्या रुग्णासाठी निवड (खानदेश)

रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाला पुढे कोणता पुनर्वसन उपचार द्यावा, याचा निर्णय. जळगाव व धुळे जिल्ह्यांत हा प्रश्न मुख्यतः लकवा, खुब्याचे हाड मोडणे, गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि मळणीयंत्रात किंवा जिनिंगमध्ये हाताला झालेली इजा यांनंतर येतो.

भेद : लोक ज्याला नुसते ‘फिजिओ’ म्हणतात त्या भौतिकोपचाराचा विषय शरीराची हालचाल हा आहे : स्नायूंची ताकद, सांध्यांची लवचीकता, तोल, चाल, वेदना व श्वसन. व्यवसायोपचाराचा विषय रोजची कामे हा आहे : जेवणे, आंघोळ, कपडे घालणे, स्वयंपाक, शेतीकाम, लिहिणे. ‘व्यवसाय’ या शब्दाने गैरसमज होतो. येथे त्याचा अर्थ धंदा असा नसून माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती सर्व कामे, असा आहे. म्हणून घरात बसलेल्या आजीलाही तो लागू पडतो.

इतिहास : मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे आशियातील पहिले विद्यालय सुरू केले. पाठोपाठ तेथेच भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. १९५२ मध्ये व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा भारत संस्थापक सदस्यांत होता.

निवडीची कसोटी : कोणता अवयव कमजोर आहे यापेक्षा कोणते काम अडले आहे, ते पाहावे. रुग्णाला कूस बदलता येत नसेल, खाटेवरून उठता येत नसेल किंवा उंबरठा ओलांडताना तोल जात असेल, तर भौतिकोपचार आधी. तो मोरीपर्यंत चालत जातो, पण तांब्या धरता येत नाही, सदऱ्याची बटणे लागत नाहीत, अशा वेळी व्यवसायोपचार. लकव्याच्या काही रुग्णांच्या ताटातील डाव्या बाजूचे अन्न तसेच राहते. डोळे ठीक असूनही त्या बाजूकडे लक्षच जात नाही. नुसत्या चालण्याच्या व्यायामाने हा दोष जात नाही. त्यासाठी व्यवसायोपचारकाची तपासणी लागते. बोलणे किंवा गिळणे अडले असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठावा.

लकवा व हाताची मोठी इजा यांत बहुधा दोन्ही उपचार लागतात आणि एक संपण्याची वाट न पाहता दुसरा सुरू करता येतो. रुग्णाला उठवताना लुळा हात ओढू नये. खांदा निखळू शकतो. नव्याने तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे किंवा पोटरी अचानक सुजून दुखणे, अशा वेळी व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालयात न्यावे.

घरातील बदल : खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ उकिडवे बसणे व मांडी घालणे सहसा वर्ज्य असते. अशा घरात बैठ्या संडासावर कमोड-खुर्ची, मोरीत पकडायला दांडी आणि बाजेखाली विटा एवढ्याने बरेच भागते. एका हाताने कळण्याचे पीठ मळणाऱ्या बाईची परात सरकू नये म्हणून खाली ओले फडके अंथरतात. पायजम्याला नाडीऐवजी इलॅस्टिक लावतात. जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे व्यायाम सकाळी लवकर उरकणे बरे.

उपलब्धता : भौतिकोपचाराचे महाविद्यालय जळगावातच आहे. व्यवसायोपचाराची शासकीय व महापालिकेची महाविद्यालये मात्र मुंबई व नागपूर येथे आहेत. त्यामुळे खानदेशात ‘फिजिओ’ सहज मिळतो, व्यवसायोपचारक विरळा. आणि पुष्कळदा गरजेपेक्षा उपलब्धताच निवड ठरवते. खर्च बहुतेक वेळा कुटुंबच करते. व्यवसायोपचारक जवळ नसेल, तर त्याच्याकडून एकदा तपासणी करून घेऊन लेखी सूचनांप्रमाणे घरच्यांनी सराव घ्यावा, हा व्यवहार्य मार्ग होय.

नोंदणी : महाराष्ट्रात दोन्ही व्यावसायिकांची नोंदणी २००२ च्या अधिनियमाखालील एकाच राज्य परिषदेकडे होते. मालिशवाले व हाडवैद्य या नोंदणीत येत नाहीत.