मित्रराष्ट्रांमधील आयातशुल्क आणि न्याय्य व्यापाराचा प्रश्न : अमेरिका-जपान व्यापारसंघर्षाचा ऐतिहासिक अभ्यास (१९५५ ते १९९५)

प्रस्तावना :

दोन राष्ट्रे संरक्षणविषयक कराराने एकमेकांशी बांधली गेली की त्यांच्यातील व्यापारही सलोख्याने चालेल, अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतरचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जपानबरोबर शांततेचा तह झाला आणि त्याच दिवशी अमेरिका व जपान यांच्यात सुरक्षा करारही झाला. १९६० मध्ये त्याची जागा नव्या कराराने घेतली. जपानच्या संरक्षणाची हमी अमेरिकेने घेतली आणि जपानने आपल्या भूमीवर अमेरिकेला लष्करी तळ दिले. परंतु याच काळात सुती कापड, पोलाद, रंगीत दूरचित्रवाणी संच, मोटारी आणि सेमीकंडक्टर अशा एकामागून एक वस्तूंवरून या दोन मित्रराष्ट्रांमध्ये तीव्र वाद झाले.

या वादांत अन्याय्य व्यापाराचा आरोप वारंवार केला गेला. कोणता देश अधिक आयातशुल्क आकारतो, एवढ्यावरून त्या आरोपाचा निवाडा करण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. प्रत्यक्षात १९८१ मध्ये जपानला आपल्या मोटारींची निर्यात मर्यादित करणे भाग पडले, तेव्हा प्रवासी मोटारींवरील जपानचे आयातशुल्क शून्य होते. अमेरिका मात्र प्रवासी मोटारींवर अल्प आणि हलक्या मालवाहू मोटारींवर २५ टक्के शुल्क आकारत होती. यावरून शुल्काचा दर हा न्याय्यतेचा पुरेसा निकष ठरत नाही, हे स्पष्ट होते.

उद्दिष्टे :

१) अमेरिका-जपान व्यापारसंघर्षाच्या प्रमुख टप्प्यांचा मागोवा घेणे.
२) दोन्ही बाजूंच्या आरोपांतील तथ्य तपासणे.
३) मित्रराष्ट्रांमधील व्यापाराची न्याय्यता कोणत्या निकषांवर ठरवावी, याचा विचार करणे.

गॅटची चौकट आणि जपानचा प्रवेश :

व्यापार व जकातविषयक सर्वसाधारण करार, म्हणजेच गॅट, १९४७ मध्ये २३ देशांनी केला. भारत हा त्याच्या संस्थापक देशांपैकी एक होता. एका सदस्याला दिलेली सवलत सर्व सदस्यांना मिळाली पाहिजे, हे सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचे तत्त्व या कराराचा पाया होते. एखाद्या देशी उद्योगाला आयातीमुळे गंभीर हानी पोहोचत असेल तर कलम १९ नुसार तात्पुरते संरक्षण देता येत असे. त्यासाठी मात्र हानी सिद्ध करणे, संरक्षणाचा उपाय सर्व देशांना सारखा लागू करणे आणि नुकसान सोसणाऱ्या देशांशी भरपाईबाबत बोलणी करणे आवश्यक होते. या अटी जाचक वाटल्यामुळेच पुढील काळात या कलमाला वळसा घालण्याचे मार्ग शोधले गेले.

अमेरिकेच्या आग्रहामुळे १९५५ मध्ये जपानला गॅटमध्ये प्रवेश मिळाला. तथापि ब्रिटन, फ्रान्स यांच्यासह १४ देशांनी कलम ३५ चा आधार घेऊन जपानला कराराचे लाभ देण्याचे नाकारले. भारतही या देशांत होता. सदस्यत्व मिळूनही समान वागणूक मिळत नाही, हा अनुभव जपानला आरंभीच आला. अमेरिकेची बाजारपेठ हाच त्याचा मुख्य आधार उरला आणि त्या आधाराबरोबर अमेरिकेवरील अवलंबित्वही वाढले.

सुती कापडापासून ओकिनावापर्यंत :

अमेरिकेतील गिरणीमालकांच्या तक्रारींमुळे १९५७ मध्ये जपानने सुती कापडाच्या निर्यातीवर पाच वर्षांसाठी मर्यादा घालून घेतली. या व्यवस्थेला ऐच्छिक निर्यात नियंत्रण असे नाव मिळाले. निर्बंध अमेरिकेला हवा होता, पण तो अंमलात आणण्याचे काम जपानने करावयाचे होते. त्यामुळे हानी सिद्ध करण्याची आणि भरपाई देण्याची जबाबदारी अमेरिकेवर येत नसे.

दोन देशांमधील ही तडजोड दोघांपुरती राहिली नाही. जपानचा पुरवठा मर्यादित होताच इतर आशियाई उत्पादक पुढे आले आणि त्यांनाही बंधनात आणण्याची गरज अमेरिकेला वाटू लागली. १९६१ चा अल्पकालीन करार, १९६२ चा दीर्घकालीन करार आणि १९७४ ची बहुतंतू व्यवस्था या मार्गाने वस्त्रव्यापार कोटापद्धतीत बद्ध झाला. ही पद्धत २००४ च्या अखेरीस संपुष्टात आली. भारताची वस्त्रनिर्यातही या जाळ्यात सापडली. कोटा मिळवणे हा मुंबईच्या तयार कपड्यांच्या निर्यातदारांच्या व्यवसायाचाच एक भाग होऊन बसला.

१९६९ ते १९७१ या काळात लोकरी व कृत्रिम धाग्यांच्या कापडावरून झालेल्या वादात व्यापार आणि संरक्षण यांची सांगड उघडपणे दिसून आली. नोव्हेंबर १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन व पंतप्रधान सातो यांच्या भेटीत ओकिनावा बेट जपानला परत देण्याचे ठरले. त्याच वाटाघाटींत कापडाचा प्रश्नही गुंतला होता. ‘धागा विकून दोर विकत घेतला’ अशी कोटी त्या काळी जपानमध्ये प्रचलित झाली, कारण जपानी भाषेत दोराला ‘नावा’ म्हणतात. सातो यांच्याकडून अपेक्षित निर्बंध लवकर आले नाहीत. १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तोडले आणि आयातीवर १० टक्के अधिभार लावला. ऑक्टोबरमध्ये जपानने कापडाबाबतचा समझोता मान्य केला. तो न झाल्यास १९१७ चा शत्रूशी व्यापाराबाबतचा कायदा वापरण्याचा इशारा अमेरिकेने दिला होता. संरक्षणकराराने बांधलेल्या मित्राविरुद्ध शत्रूसाठी केलेला कायदा पुढे करण्यात आला, ही बाब बोलकी आहे. डिसेंबर १९७१ मध्ये अधिभार मागे घेण्यात आला, पण १९४९ पासून डॉलरला ३६० असलेला येनचा दर ३०८ वर आला होता. १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानला परत मिळाले.

युरोपातील कोंबडीवाद आणि मालवाहू मोटारींवरील शुल्क :

हलक्या मालवाहू मोटारींवरील २५ टक्के शुल्काचा उगम जपानशी संबंधित नव्हता. युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२ मध्ये सामाईक कृषी धोरणानुसार कोंबडीच्या मांसावरील शुल्क वाढवले. त्यामुळे अमेरिकेची पश्चिम जर्मनीला होणारी निर्यात घसरली. वाद गॅटच्या पंचमंडळापुढे गेला. अमेरिकेने ४.६ कोटी डॉलरच्या नुकसानीचा दावा केला होता. पंचमंडळाने नोव्हेंबर १९६३ मध्ये २.६ कोटी डॉलरचा आकडा निश्चित केला. त्यानुसार राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलक्या मालवाहू मोटारी यांवर वाढीव शुल्क लावले. ते जानेवारी १९६४ पासून अंमलात आले.

हा वादही मित्रराष्ट्रांमधीलच होता. मात्र येथे त्रयस्थ पंचाने नुकसानीचे मोजमाप केले आणि प्रतिशोधाला मर्यादा घातली. त्यातील दोष वेगळा होता. सर्वाधिक पसंतीच्या तत्त्वामुळे हे शुल्क सर्वच देशांना लागू झाले आणि कोंबडीच्या वादाशी काहीही संबंध नसलेल्या जपानी उत्पादकांनाही ते भरावे लागले. जपानी कंपन्यांनी चासी आणि हौदा स्वतंत्रपणे पाठवून ४ टक्के शुल्काचा लाभ घेण्यास आरंभ केला. १९८० मध्ये वर्गीकरण बदलून तो मार्गही बंद करण्यात आला. वादाचे मूळ कारण विस्मरणात गेल्यावरही शुल्क दशकानुदशके टिकून राहिले.

मोटारींचे ‘ऐच्छिक’ नियंत्रण :

१९७९ च्या तेलसंकटानंतर अमेरिकन ग्राहक कमी इंधन लागणाऱ्या लहान जपानी मोटारींकडे वळला. क्रायस्लर कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि डेट्रॉईटमध्ये मोठ्या प्रमाणावर कामगारकपात झाली. फोर्ड कंपनी व मोटार कामगारांच्या संघटनेने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. नोव्हेंबर १९८० मध्ये आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला की उद्योगाच्या हानीचे प्रमुख कारण आयात हे नाही. अशा रीतीने अमेरिकेच्याच कायद्याने संरक्षणाचा मार्ग नाकारला. तरीही १ मे १९८१ रोजी जपानने वर्षाला १६.८ लाख मोटारींची मर्यादा जाहीर केली. ही मर्यादा १९८४ मध्ये १८.५ लाख व १९८५ मध्ये २३ लाख झाली. ही व्यवस्था १९९४ मध्ये संपली.

या व्यवस्थेचे परिणाम उद्बोधक आहेत. संख्या ठरलेली असल्यामुळे जपानी उत्पादकांनी अधिक किमतीच्या मोटारी पाठवल्या. टंचाईमुळे वाढलेल्या किमतीचा लाभ बऱ्याच अंशी त्यांनाच झाला. शुल्क लावले असते तर तीच रक्कम अमेरिकेच्या तिजोरीत जमा झाली असती. अमेरिकन ग्राहकाने देशी व परदेशी अशा दोन्ही मोटारींसाठी अधिक पैसे मोजले. दुसरीकडे, होंडाने १९८२ मध्ये ओहायो राज्यात आणि निसानने १९८३ मध्ये टेनेसी राज्यात मोटार उत्पादन सुरू केले. त्यातून अमेरिकेत नवे रोजगार निर्माण झाले, परंतु ते डेट्रॉईटमधील बेकार कामगारांच्या वाट्याला आले असे म्हणता येत नाही.

जपानविरुद्धच्या आरोपांतील तथ्य :

जपान हा केवळ अन्याय सोसणारा देश होता असे मानणे एकांगी ठरेल. प्रवासी मोटारींवर १९७८ पासून शुल्क नव्हते, हे खरे. तथापि अडथळे शुल्कापलीकडचे होते. वाहनतपासणीची किचकट पद्धत, उत्पादकांशी बांधलेले विक्रेते आणि परस्परांचे भाग धारण करणारे कैरेत्सू हे उद्योगसमूह यांमुळे परकीय मालाला बाजारपेठेत शिरकाव करणे कठीण जाई. १९७४ पासून अंमलात आलेल्या मोठ्या दुकानांविषयीच्या कायद्यामुळे स्थानिक लहान दुकानदारांच्या विरोधापुढे नवे मोठे दुकान उघडणे वर्षानुवर्षे रखडत असे. तांदळाची आयात जवळजवळ बंद होती. गोमांस व संत्री यांवरील कोटा १९८८ च्या करारानुसार १९९१ मध्ये उठला, पण गोमांसावर त्या वर्षी ७० टक्के शुल्क लागू झाले.

यातील काही बंधनांचा भार खुद्द जपानी ग्राहकावर पडत होता. १९८९-९० मधील संरचनात्मक अडथळ्यांविषयीच्या वाटाघाटींत अमेरिकेने मांडलेल्या काही मागण्यांना जपानमधूनही अनुकूल प्रतिसाद मिळाला, तो यामुळेच. मात्र याच वाटाघाटींत जपाननेही अमेरिकेच्या अर्थसंकल्पीय तुटीकडे आणि अल्प बचतीकडे बोट दाखवले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येनचे मूल्य वेगाने वाढले, तरीही जपानबरोबरची अमेरिकेची व्यापारतूट १९८७ मध्ये सुमारे ५६ अब्ज डॉलर होती. तुटीची सर्व कारणे दुसऱ्या देशाच्या व्यापारप्रथांत शोधणे योग्य नव्हते, असे यावरून दिसते.

सेमीकंडक्टर करार आणि कलम ३०१ :

१९८६ च्या सेमीकंडक्टर कराराला जोडलेल्या पत्रात जपानी बाजारपेठेत परकीय उत्पादकांचा हिस्सा २० टक्क्यांपर्यंत जावा, अशी अपेक्षा नमूद होती. ती बंधनकारक आहे की नाही, यावर दोन्ही देशांत एकमत नव्हते. एप्रिल १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुमारे ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के शुल्क लावले. युरोपीय समुदायाच्या तक्रारीवरून गॅटच्या पंचमंडळाने १९८८ मध्ये या करारान्वये जपानने तिसऱ्या देशांना होणाऱ्या निर्यातीच्या किमतींवर ठेवलेले नियंत्रण नियमबाह्य ठरवले. दोन मित्रांमधील समझोत्याची झळ तिसऱ्याला बसली आणि तिसऱ्यानेच नियमाची आठवण करून दिली.

१९८८ च्या व्यापार कायद्याने कलम ३०१ ला अधिक धार आली. मे १९८९ मध्ये जपान, ब्राझील व भारत यांची नावे घोषित झाली. भारतावरील आक्षेप विमा व परकीय गुंतवणूक या क्षेत्रांबाबत होता. भारताने या दडपणाखाली वाटाघाटी करण्यास नकार दिला. १९९० मध्ये त्याचे नाव पुन्हा घोषित झाले, पण प्रत्यक्ष शिक्षात्मक कारवाई झाली नाही. जपाननेही तत्त्वतः या पद्धतीला विरोध केला, परंतु १९९० मध्ये महासंगणक, उपग्रह व लाकडी माल या तिन्ही क्षेत्रांत समझोते केले. भारताचा अमेरिकेशी व्यापार अल्प होता, हे लक्षात घेऊनही या दोन प्रतिसादांतील फरक अर्थपूर्ण आहे. अमेरिकेच्या लष्करी छत्राखाली नसलेल्या देशाला नकार देणे परवडले. त्या छत्राखाली असलेल्या मित्राला ते कठीण गेले.

१९९५ आणि त्यानंतर :

१ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या संरक्षक उपायांविषयीच्या कराराने ऐच्छिक निर्यात नियंत्रणास मनाई केली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने १३ प्रकारच्या महागड्या जपानी मोटारींवर १०० टक्के शुल्काची धमकी दिली, तेव्हा जपानने नव्या संघटनेकडे तक्रार नोंदवली. जूनअखेर जिनिव्हा येथे झालेल्या समझोत्यात जपान सरकारने आयातीचे संख्यात्मक लक्ष्य मान्य केले नाही. मित्राला ‘नाही’ म्हणण्यासाठी जपानला नियमाचा आधार मिळाला होता.

हा आधार पुढे क्षीण झाला. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून पोलादावर २५ टक्के व ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावले. इतर काही मित्रदेशांना आरंभी सूट मिळाली. जपानला ती मिळाली नाही. डिसेंबर २०१९ पासून जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ सदस्यांअभावी निष्क्रिय झाले. जुलै २०२५ मध्ये जपानी मालावर १५ टक्के शुल्काचा समझोता जाहीर झाला, तोही द्विपक्षीय वाटाघाटींतूनच.

निष्कर्ष :

१) शुल्काचा दर कमी असणे म्हणजे व्यापार न्याय्य असणे नव्हे. जपानच्या बाबतीत शून्य शुल्कामागेही वास्तविक अडथळे होते आणि अमेरिकेच्या अल्प शुल्कामागे कोटा होता.

२) न्याय्यतेचा पहिला निकष कार्यपद्धतीचा आहे. आरोप करणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकच असेल, तर आरोप खरा असूनही निर्णय न्याय्य ठरत नाही. १९६३ चा कोंबडीवाद आणि १९८७ ची कारवाई यांतील भेद हाच आहे.

३) दुसरा निकष संमतीचा आहे. संरक्षणासाठी परावलंबी असलेल्या राष्ट्राने दिलेली संमती ‘ऐच्छिक’ या शब्दाने मुक्त ठरत नाही.

४) तिसरा निकष भार कोणावर पडतो, हा आहे. मित्रराष्ट्रांच्या तडजोडींची किंमत बहुधा ग्राहकांनी आणि वाटाघाटींत स्थान नसलेल्या तिसऱ्या देशांनी मोजली. भारतीय वस्त्रनिर्यातीचा अनुभव हेच सांगतो.

मैत्रीमुळे व्यापारातील हितसंबंधांचा विरोध नाहीसा होत नाही. उलट दुर्बल मित्राची नकार देण्याची शक्ती मैत्रीमुळे कमी होऊ शकते. म्हणून सर्वांना बांधणाऱ्या सामाईक नियमांची गरज परस्परांचे शत्रू असलेल्या राष्ट्रांइतकीच मित्रराष्ट्रांनाही आहे, असे या इतिहासावरून म्हणता येईल.