डोपी चॅलेंज

डोपी चॅलेंज ही अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजननगरीत जानेवारी महिन्यात होणारी चार दिवसांची धावण्याची स्पर्धा आहे. ती २०१४ साली सुरू झाली. स्नो व्हाइटच्या कथेवरील १९३७ च्या डिस्ने चित्रपटातील सात बुटक्यांपैकी डोपी याचे नाव तिला दिले आहे.

स्वरूप

गुरुवारी ५ किमी, शुक्रवारी १० किमी, शनिवारी अर्धमॅरेथॉन आणि रविवारी पूर्ण मॅरेथॉन असा क्रम असतो. एकूण अंतर ४८.६ मैल, म्हणजे सुमारे ७८ किमी भरते. प्रत्येक मैल सरासरी १६ मिनिटांत पूर्ण करावा लागतो. फार मागे पडणाऱ्यांना मार्गावरून वाहनाने हलवले जाते. एक शर्यत अपुरी राहिली, तरी संपूर्ण आव्हान अपुरे ठरते.

पूर्वतयारी

येथे वेगापेक्षा चार दिवस पायांतील बळ टिकवणे महत्त्वाचे असते. त्यामुळे सरावात लागोपाठच्या दिवशी लांब अंतरे धावून थकलेल्या पायांना सवय लावली जाते. धावणे व चालणे आलटून पालटून करण्याची, ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी रूढ केलेली पद्धत अनेक जण वापरतात. शर्यती सूर्योदयापूर्वी सुरू होत असल्याने सलग चार दिवस मध्यरात्रीनंतर उठावे लागते; म्हणून लवकर झोपणे आणि दिवसा उद्यानांतील भटकंती आवरणे हाही नियोजनाचा भाग ठरतो.

हवामान

जानेवारीतील पहाट कधी कडाक्याची थंड, तर कधी दमट व उष्ण असते. २०१७ मध्ये विजांच्या धोक्यामुळे अर्धमॅरेथॉन रद्द झाली होती.