पंढरपूरचं मूल आणि काचेचे घोडे

कुर्डुवाडीला उतरा. मोठी गाडी मुंबईकडे निघून जाईल, तुम्हाला बार्शी लाइट धरायची आहे. साल १९१६, दिवस आषाढीचे. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी १९०६ पासून पंढरपूरला जाते आणि वारीत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. कुणाची तरी पडशी तुमच्या मांडीवर येते, मागून टाळ किणकिणतात. मोडनिंब मागे पडतं. ओल्या काळ्या रानाचा वास डब्यात शिरतो.

पंढरपूर आलं, तरी गर्दीबरोबर लगेच चंद्रभागेकडे वळू नका. उलट्या वाटेने वाखरी गाठा. दिंड्यांनी रिंगण धरलंय. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आलेले माउलींचे अश्व आता सुटतील. एकावर जरीपटका घेतलेला स्वार आहे, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण तिथे माउली बसलेत. टापांचा आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. घोडे गेले की माणसं वाकतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. तुम्हीही लावा.

आता गावात या. बुक्क्याची, तुळशीमाळांची दुकानं ओलांडून एका सुलेमानी बोहरा कुटुंबाच्या घरात डोकवा. दहा महिन्यांचं मूल रांगतंय. नोंदीतली जन्मतारीख १७ सप्टेंबर १९१५, नाव मकबूल, वडिलांचं नाव फिदा हुसेन. आजोबा पत्र्याचे दिवे बनवणारे. पत्रा कापायचा, वळवायचा, डाख लावून सांधायचा, की घासलेटाच्या उजेडाला घर मिळालं.

आणि मुलाला उचलून घेणारी ती आई. तिच्याकडे नीट पाहा. वर्षभराच्या आत ती जाणार आहे. मूल तेव्हा जेमतेम दीड वर्षाचं असेल आणि मागे तिचा एकही फोटो राहणार नाही. तुम्हाला आत्ता दिसतोय तो चेहरा चित्रकार मकबूल फिदा हुसेन जन्मभर शोधणार आहेत. म्हणून मी इथे त्याचं वर्णन करत नाही. जे त्यांना मिळालं नाही, ते आपण शब्दांनी रचून टाकणं मला पटत नाही.

इथून वर्षं भराभर सरकतात. मूल इंदूरला जातं. तिशीच्या दशकात तुम्हाला ते मुंबईत ग्रँट रोडच्या आसपास भेटतं, आता तरुण होऊन. सिनेमाची प्रचंड चित्रं रंगवतोय, मजुरी चौरस फुटांवर. शेजारी उभे राहिलात तर तुम्हाला फक्त एक नाकपुडी दिसेल, ओठाचा एक तुकडा. पूर्ण चेहरा पाहायचा तर रस्ता ओलांडून पलीकडे जायला हवं. लांबून वाचता येईल अशी ठाम रेघ त्यांनी तिथे कमावली, शाळेत नव्हे.

१९५६च्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’ या त्यांच्या चित्रासमोर थांबा. त्यातला दिवा पाहताना मला ते पत्र्याचं काम आठवतं. पुढे मदर तेरेसांची मालिका येते: निळ्या काठाची पांढरी साडी, कुशीत मूल, आणि चेहऱ्याच्या जागी पोकळी. समीक्षकांनी या पोकळीबद्दल पुष्कळ लिहिलंय. तुम्ही मात्र १९१६ मध्ये त्या घरात डोकावून आला आहात.

घोड्यांचं काय? वाखरीच्या रिंगणातून ते थेट कॅनव्हासवर आले असं म्हणण्याचा मोह आवरा. हुसेन स्वतः इंदूरच्या मोहरममधल्या दुलदुल घोड्याबद्दल सांगत. १९५२ मध्ये ते चीनला गेले आणि तिथले चित्रकार श्यू बेइहाँग यांचे शाईतले घोडे त्यांच्या मनात ठसले. तरीही ज्या मातीत बिनस्वाराच्या घोड्याला माणसं नमस्कार करतात, तिथे ते जन्मले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

शेवटचा टप्पा लांबचा आहे. देवतांच्या चित्रांवरून खटले झाले, हल्ले झाले. २००६ मध्ये हुसेन देशाबाहेर गेले. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. डिसेंबर २०१९ मध्ये तुम्ही दोहाच्या एज्युकेशन सिटीत ‘सीरू फी अल अर्द’ पाहायला उभे आहात. त्यांनी योजलेली ही शेवटची मोठी कलाकृती त्यांच्या मागे पूर्ण झाली. जुन्या मोटारींसोबत इथे घोडे आहेत, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या काचेचे.

जवळ जा. भट्टीतून हजार अंशांच्या वर तापलेला गोळा काढायचा, तो मऊ आहे तोवरच आकार द्यायचा आणि मग भट्टीतच हळूहळू निववायचा. घाई केली की तडा. कुंचल्याच्या एका फटक्यात घोडा उभा करणाऱ्या माणसाची कल्पना इथे शेकडो वर्षांच्या परंपरेतल्या कारागिरांनी संथपणे पेलली आहे, आणि मला या कामात त्यांचा वाटा बरोबरीचा वाटतो. रंग काचेवर लावलेला नाही, तो तिच्या पोटात आहे. उजेड आरपार जातो आणि घोड्याची मान, छाती, उडणारी आयाळ आतून पेटते.