लोणारची उतरण: खारं पाणी, काळा दगड आणि चंद्र

बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारला विवराची उतरण सुरू होते ती काठावरच्या धारेपासून. गोमुखातून पडणारं गोडं पाणी मागे टाकून पायवाट झाडीत शिरते आणि सुमारे दीडशे मीटर खाली, खाऱ्या पाण्याच्या काठी पोचते. तिथे कमळजा देवीचं देऊळ आहे.

विष्णूने लोणासुराला इथे गाडलं, ही कथा गावातल्या दैत्यसूदन मंदिराशी जोडलेली आहे. 'ऐन-ए-अकबरी'त लोणारची नोंद वेगळ्याच कारणाने आली: काच आणि साबणासाठी लागणारा क्षार इथे मिळतो. 1823 मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची दखल घेतली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचं मुख मानलं जाई.

हे विवर नेमकं कशामुळे झालं, याचं उत्तर दगडांतच होतं. भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रं घेतली. प्रचंड आघाताखालीच तयार होणारी मास्केलिनाइट ही काच सापडली आणि 1973 मध्ये उल्कापाताचा पुरावा प्रसिद्ध झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमध्ये कोरलेलं हे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर आहे. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला अभ्यासक लोणारला येतात. वयावर मात्र एकमत नाही: एक अंदाज सुमारे 50 हजार वर्षांचा, दुसरा पावणेसहा लाखांचा.

2020 मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. चांदण्या रात्री काठावर जरूर उभे राहा, दिवसा जाणत्या वाटाड्यासोबत उतरा. पण इथला एकही खडा खिशात घालू नका. तो पुरावा आहे.