वाइंडिंगमधली आजी

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात गिरणीच्या गोष्टी सांगायचे ते पुरुषच. भोंगा, साळखातं, जॉबरची मिजास, लालबागची खोली. बायकांचा विषय निघाला की आमच्या घरातले तात्या एवढंच म्हणत, "बाया व्हत्या. पुढं त्यांनी काम सोडलं."

मिसरी लावता लावता चुलतआजी म्हणायची, "सोडलं नाय रं, सोडवलं."

ती तरुणपणीच विधवा झाली. नवरा मुंबईला असलेल्या बायका मागे राहून भातखाचरं सांभाळत. गिरणीमालकाला कमी पगारात गडी मिळे, त्यात या बिनपगारी खपण्याचा वाटा होता. पण तो कुणी मोजत नसे. मुंबई गाठायची ती बहुधा विधवा, नाहीतर टाकलेली बाई. चुलतआजीनंही तशीच मुंबई गाठली.

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई असे, बहुतेक वाइंडिंग-रिलिंगमध्ये. तुटलेल्या सुताला गाठ मारायची, माल भरेल तसा पैसा घ्यायचा. चांगला पगार साळखात्यात, आणि तिथं बाईला मज्जाव. फार झालं तर नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, होता येई, तेही आपल्याच खात्यात.

१९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू मांडली होती. मालकांनी पळवाट काढली: लग्न झालेली बाई घ्यायचीच कशाला? रात्रपाळीची बंदी तर त्याहून जुनी. १९४८च्या कारखाना कायद्यानं संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना मनाई पक्की केली. रात्रपाळीनं माणूस कसा खंगतो हे गिरणगावानं पाहिलंय, त्यामुळे कायद्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण चुलतआजीच्या खात्यात नवी यंत्रं आली, ती तिन्ही पाळ्या चालवायची ठरली, आणि तिन्ही पाळ्यांना फिरवता येणारा गडीच बरा, असा हिशेब झाला. बाया एकेक करून घरी गेल्या. तिच्या मशीनवर बदलीत लागले ते तात्याच, तिचे धाकटे दीर. हे तात्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. तीही रागानं सांगत नसे. "भावजींना पोरं व्हती," म्हणायची.

पुढे म्हाडानं गिरणी कामगारांना घरं द्यायला घेतली, २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. अट अशी, की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव हवं. तात्यांच्या मुलानं अर्ज भरला. चुलतआजीचं नाव पटावरून कधीच गेलेलं होतं. तिचे कागद शोधावेत असं घरात कुणी म्हणालंही नाही, मीसुद्धा.