मेरुरज्जूची इजा

मेरुरज्जूची इजा (अन्य नाव : मज्जारज्जूची इजा) म्हणजे पाठीच्या कण्यातील पोकळीतून जाणाऱ्या मेरुरज्जूला आघातामुळे किंवा आजारामुळे झालेली हानी होय. या इजेमुळे इजेच्या पातळीखालील अवयवांची हालचाल, स्पर्शज्ञान आणि मलमूत्र विसर्जनावरील नियंत्रण अंशतः किंवा पूर्णतः नाहीसे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीड कोटींहून अधिक व्यक्ती अशा इजेसह जगत आहेत. तुटलेला मेरुरज्जू पूर्ववत जोडणारा उपचार अद्याप उपलब्ध नाही. तथापि इजेनंतरचे अनेक गंभीर आजार आणि मृत्यू हे दाबजखमा, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांसारख्या टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. त्यामुळे दैनंदिन निगेला शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व आहे.

इजेची पातळी आणि परिणाम

प्रौढ व्यक्तीचा मेरुरज्जू मानेपासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत असतो. मानेच्या भागात इजा झाल्यास चारही हातपाय दुर्बळ होतात. पाठीच्या किंवा कमरेच्या भागातील इजेने केवळ धड आणि पाय बाधित होतात. या अवस्थेस अधरांगघात म्हणतात. मध्यपटलाचे चेतातंतू मानेतील तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघत असल्याने त्याहून वरची इजा श्वसनही थांबवू शकते. इजेखाली काही संवेदना किंवा हालचाल शिल्लक असल्यास इजा अपूर्ण मानली जाते आणि सुधारणेची शक्यता अधिक असते.

कोकण किनाऱ्यावरील कारणे

रस्त्यावरील अपघात आणि उंचावरून पडणे ही भारतातील प्रमुख कारणे आहेत. नारळाच्या बागा असलेल्या किनारपट्टीवर त्यांत माडावरून पडण्याची भर पडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात, कर्ली नदीच्या मुखाजवळ वसलेल्या तारकर्लीसारख्या गावांत नारळ काढणे, झावळ्या तोडणे, आंबा उतरवणे ही कामे बहुधा कोणत्याही आधारपट्ट्याविना केली जातात. पावसाळ्यात ओले आणि शेवाळलेले खोड अधिक धोकादायक ठरते. नारळ विकास मंडळाने माडावर चढणाऱ्यांसाठी अपघात विमा योजना राबवली असून तीत मृत्यू व कायमचे अपंगत्व यांचा समावेश आहे.

समुद्राशी निगडित कारणे दोन आहेत. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारल्यास मानेचा मणका मोडतो. स्कूबा डायव्हिंग करणारी व्यक्ती खोल पाण्यातून फार वेगाने वर आल्यास रक्तात व ऊतींत विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन मेरुरज्जूस इजा होऊ शकते. अशा वेळी तात्काळ प्राणवायू देणे आणि त्यानंतर उच्चदाब प्राणवायू कक्षातील उपचार आवश्यक असतात.

प्रथमोपचार

अपघातानंतर रुग्णाला बसते करणे, पाणी पाजणे किंवा हातपाय धरून उचलून रिक्षात घालणे, या सद्‌हेतूने केलेल्या कृतींनी अपूर्ण इजा पूर्ण होऊ शकते. डोके व मान धडाच्या सरळ रेषेत स्थिर धरणे, तीन-चार जणांनी शरीर एकसंध ठेवून सपाट फळीवर घेणे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे ही योग्य पद्धत होय. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णांना अनेकदा बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेले जाते. या लांबच्या प्रवासात मान स्थिर राहणे निर्णायक ठरते.

दैनंदिन निगा

त्वचा : संवेदना नसलेल्या भागावर सतत दाब राहिल्यास रक्तपुरवठा खंडित होऊन दाबजखम होते. अंथरुणावर साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे, खुर्चीत बसलेले असताना दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलका करणे आणि रोज आरशाच्या साहाय्याने माकडहाड, नितंब व टाचा तपासणे हे त्यावरील उपाय आहेत. उन्हात तापलेल्या चिऱ्याच्या पायरीवर बसल्यास किंवा गरम भांडे मांडीवर ठेवल्यास वेदना न होताच भाजते.

मूत्राशय व आतडी : मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्यास जंतुसंसर्ग होतो व कालांतराने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः नळी घालून लघवी काढण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून जगभर रूढ झाली. शौचासाठी ठरावीक वेळ, तंतुमय आहार आणि पुरेसे पाणी यांची शिस्त लागते. बाहेर सोयीचे स्वच्छतागृह नसल्याने मुद्दाम कमी पाणी पिण्याची सवय मात्र संसर्गाला निमंत्रण देते.

उष्णता व रक्तदाब : इजेच्या पातळीखाली घाम येत नसल्याने दमट उन्हाळ्यात शरीराचे तापमान वाढते. पाठीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांमध्ये तुंबलेले मूत्राशय किंवा बद्धकोष्ठ यांमुळे रक्तदाब एकाएकी वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी व चेहऱ्यावर घाम ही त्याची लक्षणे होत. रुग्णाला ताठ बसवून, कपडे सैल करून मूत्राशय रिकामे करणे निकडीचे असते. विलंब झाल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मेरुरज्जूची इजा आणि अपस्मार

माडावरून पडलेल्या व्यक्तीच्या कण्यासह डोक्यासही मार लागू शकतो. मेंदूच्या इजेमुळे पुढे काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही अपस्मार (फिट्‌स, मिरगी) उद्भवू शकतो. उलटपक्षी, अपस्माराच्या जोरदार झटक्याने मणक्याचा अस्थिभंग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

दोन्ही अवस्था एकत्र असल्यास निदानात गोंधळ होतो. अधरांगघातात पाय अचानक ताठरतात किंवा थरथरतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया असून रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, म्हणून ती फिट नव्हे. याउलट पूर्ण इजा झालेल्या व्यक्तीस खरी फिट आली तरी इजेखालील अवयव झटके देत नाहीत. केवळ चेहरा, डोळे वा इजेवरील भागात ती दिसते आणि शुद्ध हरपते. ताठरपणावरील बॅक्लोफेन हे औषध एकाएकी थांबवल्यास फिट येऊ शकते. फेनिटॉइनसारखी काही अपस्मारविरोधी औषधे हाडे ठिसूळ करतात, आणि न चालल्यामुळेही हाडे विरळ होतात. त्यामुळे अस्थिभंगाचा धोका वाढतो.

फिट आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे. खुर्चीत असल्यास पट्ट्याने व हातांनी आधार द्यावा. तोंडात चमचा घालणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे यांचा उपयोग नाही. पाच मिनिटांहून अधिक काळ फिट चालल्यास तातडीची मदत लागते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण फिट्‌समुक्त राहू शकतात. मात्र औषधे रोज वेळेवर घ्यावी लागतात. विहीर, खाडी, चूल व उंची यांपासून सावधगिरी आवश्यक असून पाण्याखाली फिट आल्यास बुडण्याचा संभव असल्याने सक्रिय अपस्मारात स्कूबा डायव्हिंग वर्ज्य मानले जाते.

वावर आणि पुनर्वसन

किनारी गावांत चाकांची खुर्ची मऊ वाळूत रुतते. जांभ्याच्या पायवाटा, उंच ओटे आणि उंबरठे स्वतंत्र वावर अडवतात. घराला लाकडी वा सिमेंटचा उतार, रुंद दार आणि कमोड एवढ्या बदलांनीही परावलंबन घटते.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा रुग्णांची आशा सहसा सोडली जाई. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुट्‌मान यांनी त्वचा व मूत्राशयाची काटेकोर निगा आणि क्रीडा यांवर आधारित उपचार सुरू केले. तेथील स्पर्धांतूनच पुढे पॅरालिंपिक क्रीडास्पर्धा उदयास आल्या. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधरांगघाताने जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. जखमी सैनिकांसाठी पुण्यातील खडकी येथे पुनर्वसन केंद्र आहे, तर मुंबईतील हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. स्वतः अधरांगघात झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. या संस्थेच्या सिंधुदुर्गातील कुडाळ तालुक्यातल्या ‘स्वप्ननगरी’ प्रकल्पात अपंग व्यक्ती काजूप्रक्रियेचे काम करतात.

कायदा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत हालचालींच्या अपंगत्वाचा समावेश आहे. अपस्माराचा स्वतंत्र उल्लेख नाही. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांतील अपस्मारविषयक अडसर १९९९ च्या दुरुस्तीने दूर झाला.